अंब्रेला पॉलिसी: आहे त्याच कंपनीकडे की वेगळी?
अमेरिकेत घर झालं, मुलगी गाडी चालवायला लागली, की अंब्रेला पॉलिसी घ्यावीच असं मला मनापासून वाटतं. गाडीच्या विम्याची मर्यादा संपली की समोरच्याचं पुढचं देणं ती उचलते, बहुधा 10 लाख डॉलरपासून पुढे.

गाडी-घराचा विमा आहे तिथेच अर्ज केला तर निम्मी माहिती त्यांच्याकडे असतेच. दावा आला तर दोन कंपन्यांची टोलवाटोलवीही नाही. मात्र उद्या गाडीचा विमा दुसरीकडे हलवला तर अंब्रेला बहुतेकदा रद्द होते.

स्वतंत्र पॉलिसीत ती मोकळीक राहते. पण अर्जात सगळी माहिती स्वतः भरायची: घरातला प्रत्येक चालक, जुने अपघात, पोहण्याचा तलाव, कुत्रासुद्धा. मुलीचं नाव प्रीमियम वाढेल म्हणून गाळू नका, दावाच नाकारला जाऊ शकतो. शिवाय गाडीच्या विम्याची मर्यादा दर जखमी माणशी किमान 2,50,000 डॉलर हवी, अशी अंब्रेलाची अट सहसा असते. तुमची मर्यादा 1,00,000 चीच राहिली आणि एका जखमीला 4,00,000 द्यावे लागले, तर अंब्रेला 2,50,000 च्या पुढचंच देते, मधले 1,50,000 तुमच्या खिशातून.

कागदपत्रं दरवर्षी तपासणारे असाल तरच स्वतंत्र घ्या. मी एकाच कंपनीकडे ठेवेन.