‘छोटी बोट’ म्हणून १४,४०० घेतले आणि एकतीस जणांत नेऊन बसवलं

आधी आकडे लिहिते, म्हणजे "एवढंसं तर गेलं" असं म्हणायची कुणाला सोय राहणार नाही. मालवण-तारकर्लीकडे स्कूबाचे, म्हणजे सिलिंडरची हवा घेत समुद्राखाली उतरायचे, आम्हा सहा जणांचे माणशी २,४०० प्रमाणे १४,४००. त्यातले ७,२०० आगाऊ, क्यूआर कोडवर. उरलेले ७,२०० किनाऱ्यावर रोख, बोटीत पाय टाकायच्या आधी. कॉस्च्युमचं भाडं माणशी १०० म्हणजे ६००, ज्याचा आधी चकार शब्द नव्हता. ‘फ्री’ व्हिडिओचे तिघांचे १,५००. एकूण १६,५००. आणि बोटीत माझ्या शेजारी बसलेल्या इचलकरंजीच्या मुलीने किनाऱ्यावर उभ्या उभ्या माणशी ९०० ठरवून तेच स्कूबा घेतलं होतं. बोट तीच, पाणी तेच, मासे तेच. सहा जणांचे ५,४०० झाले असते.

मालवण-तारकर्लीकडे हा धंदा कसा चालतो हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक असेल. ज्याचा नंबर आपल्याला मोबाइलवर सापडतो, त्याच्याकडे ना बोट असते ना सिलिंडर. तो फक्त गिऱ्हाईक गोळा करतो आणि त्या दिवशी ज्या बोटीत जागा असेल तिथे ढकलतो. हे मलाही ऐकून माहीत होतं. म्हणूनच तर मी स्वस्तातलं घेतलं नाही! लोक हे ऐकलं की लगेच "स्वस्तात मिळतंय म्हणून भुललात" असं म्हणतात, त्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. आम्ही जास्त पैसे मोजले ते कमी गर्दीसाठी. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली होती आणि दोघांचा जीव गेला होता. आमच्या जाऊबाईंच्या डोक्यात ते पक्कं होतं. "माणसं कमी असलेली बोट असेल तरच मी मुलाला पाठवते," ही त्यांची अट होती आणि ती रास्तच होती.

मी बँकेत कर्ज विभागात आहे, कागद तपासायचा पगार घेते. त्यामुळे चॅटवर व्यवस्थित विचारलं होतं. बोटीत किती जण? "मॅडम, छोटी बोट, फक्त तुमची फॅमिली." पाण्याखाली किती वेळ? "थर्टी मिनिट्स." सोबत कोण? "प्रत्येकाला सेपरेट सर्टिफाइड डायव्हर." फोटो आला तोही सहा-सात माणसं आरामात बसलेल्या पांढऱ्याशुभ्र बोटीचा. आणखी काय विचारायला हवं होतं, सांगा मला.

आता गंमत बघा. छोटी बोट खरंच आली. फोटोतलीच. आम्ही सहा जण तीत बसलो, जाऊबाई हसल्यासुद्धा, भाऊजींनी सेल्फी काढला. आणि दहा मिनिटांत ती बोट समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या एका मोठ्या बोटीला जाऊन चिकटली. "चला, चला, वर चढा." छोटी बोट निघून गेली, पुढची फॅमिली आणायला. आम्हाला जिचा फोटो दाखवला ती नुसती ने-आण करणारी. सिलिंडर, मास्क, पाण्यात उतरायची शिडी सगळं या दुसऱ्या बोटीवर, आणि तिथे खलाशी सोडून माणसं होती एकतीस. पंगतीत जेवणाऱ्याच्या पाठीमागे पुढची पंगत उभी राहते तसे लोक उभे. म्हणजे खोटं असं काही तो बोललाच नव्हता बघा! बोट छोटी होती की नाही? होती. म्हणून सांगते, बोट केवढी हे विचारू नका. पाण्यात ज्या बोटीवरून उतरणार तिच्यावर त्या वेळी एकूण किती माणसं असतील, ते विचारा आणि लेखी घ्या.

आणि नुसती छोटी म्हणूनही भुलू नका. छोट्या बोटीला सावली नसते, कित्येकदा धड शिडीही नसते. मोठी बोट चांगली असू शकते, पण नांगरावर उभी राहिलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त हेलकावते आणि वर इंजिनाचा वास. अडीच तास आमचा नंबर लागला नाही. माझी मुलगी आणि जाऊबाई, दोघींना उलट्या झाल्या. त्या अवस्थेत कुणालाही पाण्यात सोडू नये, पण विचारतो कोण. जाऊबाई तशाच उतरल्या, कारण पैसे भरलेले होते.

मी सावध व्हायला हवं होतं अशी एक जागा मला अजून झोपू देत नाही. आगाऊ पैसे भरायला संध्याकाळी क्यूआर स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर नाव आलं ते एका चिकन सेंटरचं. स्कूबाचे पैसे आणि चिकन सेंटर! मी नवऱ्याला दाखवलंसुद्धा. तो म्हणाला, "कोकणात एकाच माणसाचं घरगुती खानावळ, रिक्षा आणि बोट असं सगळं असतं." आणि ते खोटंही नाही. आम्ही जिथे राहिलो होतो त्यांचंही किराणा दुकान होतंच की. पण बिल मागायला हवं होतं. नाव वेगळं दिसलं की ज्याच्या नावावर पैसे जाणार त्याच्याच नावाने, बोटीच्या नंबरासकट पावती मागा. नाही म्हणाला तर पिन टाकू नका.

दुसरी जागा त्याच संध्याकाळची. पुतण्या नऊ वर्षांचा आहे असं मी लिहिलं तर उत्तर आलं, "पाच वर्षांची पोरं पण करतात मॅडम." पॅडी या स्कूबा शिकवणाऱ्या जागतिक संस्थेच्या नियमाने समुद्रातल्या पहिल्या अनुभवाच्या डाइव्हसाठीही वय किमान दहा लागतं. हे मला परत आल्यावर कळलं. आधी कसं कळणार? तिथला प्रत्येक फलक लहान मुलांचे फोटो लावून बसलाय. पण जो ऑपरेटर वयाला हो म्हणतो, तो सगळ्यालाच हो म्हणणार, एवढं ध्यानात ठेवा.

भाऊजींना दमा आहे. किनाऱ्यावर एका पोराने वहीत सगळ्यांची नावं, वयं आणि सह्या घेतल्या. आजाराचा एकही प्रश्न नाही. आम्ही आपणहून सांगितलं तर, "काय नाय होत, पाणी उथळ आहे." रीतसर ठिकाणी आजारांची प्रश्नावली भरून घेतात आणि दम्याला हो लिहिलं की डॉक्टरच्या कागदाशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. कारण पाण्याखाली दाबाची हवा घेताना श्वास अडकला आणि तसंच वर आलं तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि त्याला पंधरा फूट पाणीही पुरतं. प्रश्नावली दिली नाही तर तिथूनच परत फिरा, आगाऊ रक्कम बुडाली तरी.

पाण्याखालचे ते तीस मिनिटं? मला सहा मिळाली. पाठीमागून सिलिंडर धरलेला मुलगा चांगला होता, कान मोकळे कसे करायचे ते त्यानेच बोटीच्या कडेला लटकवून मिनिटभर शिकवलं. आधीच्या बाईच्या तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा घ्यायची नळी, समुद्राच्याच पाण्यात हलवून माझ्या तोंडात दिलं. माझा मामेभाऊ अंदमानला कोर्स करून आलाय, त्याने नंतर हिशोब मांडला. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं माप) दाबाने साधारण २,४०० लिटर हवा बसते. पंधरा-सोळा फुटांवर नवखा माणूस मिनिटाला तीसेक लिटर ओढतो. माणशी सहा मिनिटं दिली तर एका सिलिंडरमध्ये दहा-बारा गिऱ्हाइकं निघतात. तीस मिनिटं खरोखर द्यायची तर दोनच. एवढं गणित केलं असतं तर २,४०० चा भाव आणि थर्टी मिनिट्स दोन्ही संशयास्पद वाटले असते, पण सुट्टीवर निघालेला माणूस असलं गणित करतो का?

व्हिडिओचं ऐका. नवऱ्याच्या नावाने जो व्हिडिओ आला त्यातल्या माणसाच्या दंडावर ‘आई’ असं गोंदलेलं आहे. आमच्याकडे कुणाच्याही अंगावर गोंदण नाही. मास्क आणि रेग्युलेटरने अर्धा चेहरा झाकला की सगळे सारखेच, असा त्यांचा अंदाज असावा. त्याचे ५०० गेले.

परतताना मी बोटवाल्यावर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आमका माणशी पाचशे गावतत. तुमी कोणाक किती दिलास ता आमका म्हायत नाय." आणि मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. गर्दी त्याचीच, त्याला माफी नाही. पण वरचे १,९०० खाल्ले ते कधीही न दिसलेल्या माणसाने.

मग सुरू झाली सरकारी यात्रा. पहिल्या ऑफिसात विचारलं, बोटीचा नंबर काय? माझ्या फोटोत नंबरावर वॉटर स्पोर्ट्सचा बॅनर लोंबकळत होता. "मग आम्ही कुणावर कारवाई करायची?" मी म्हटलं, समोर समुद्रात उभी आहे, चला, दाखवते. साहेब फिरतीवर होते. दुसऱ्या ऑफिसने सांगितलं की बोट त्यांच्याकडे, पण स्कूबा त्यांच्याकडे नाही. तिसऱ्याने सांगितलं स्कूबा त्यांच्याकडे, पण पैशांचं त्यांच्याकडे नाही. पैशांसाठी पोलिसांकडे. पोलीस म्हणाले, "तुम्ही पाण्यात उतरलात ना? मग सेवा मिळाली. हा दिवाणी मामला." दम्याच्या माणसाला आणि नऊ वर्षांच्या पोराला पाण्यात सोडलं हे मी तीनदा बोलले, ते कुणीच लिहून घेतलं नाही. वर एकाने विचारलं, "तुम्ही आई-बाप होतात ना तिथे?" म्हणजे परवाना देणारे, तपासणी करणारे, गस्त घालणारे सगळे पगारी लोक असताना एकतीस माणसं मोजायची जबाबदारी नाशिकहून आलेल्या बाईची! पैसे ज्या अ‍ॅपवरून गेले त्यांचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर पुढच्याच आठवड्यात मेसेज: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." काय निकाल लागला, ते त्यात नाही.

म्हणून बोटीत चढण्याआधी बोटीच्या नंबराचा फोटो काढा, बॅनर बाजूला सारून काढा. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. माझ्या चॅटमधलं "फक्त तुमची फॅमिली" आता "मेसेज डिलीट करण्यात आला आहे" असं दिसतं. सुदैवाने जाऊबाईंना खात्री पटावी म्हणून मी ते आधीच फॉरवर्ड केलं होतं, तेवढं वाचलं. ‘सर्टिफाइड’ म्हणणाऱ्याला इन्स्ट्रक्टरचा पॅडी क्रमांक मागा, पॅडीच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. बोटीवर अपघात झाला तर लागणारा ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे ठेवलाय ते दाखवायला सांगा. इकडेतिकडे बघायला लागले की समजा. किनाऱ्यावर उरलेले पैसे आधी मागतात, ते मोठी बोट दिसेपर्यंत देऊ नका.

बुकिंगचे पैसे घेणाऱ्या त्या माणसाचा परवा मेसेज आला, "मॅडम फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाका, नेक्स्ट टाइम डिस्काउंट." मी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करते आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि ५ लाखांपर्यंत फी नाही, हे वकिलांकडून पक्कं करून घेतलंय. नवरा म्हणतो, १६,५०० साठी एवढं कशाला. जाऊबाईंनी मात्र फॉरवर्ड केलेल्या चॅटच्या प्रिंट काढून ठेवल्या आहेत. आणखी कुणी या सुट्टीत क्यूआरवर चिकन सेंटरला स्कूबाचे पैसे भरले असतील, तर व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि कळवा, अर्जाला जोडता येईल.