छोट्या गाडीत बाळाची कार सीट: आठ महिन्यांनंतर

सप्टेंबरमध्ये सीट घेतली तेव्हा लेक सहा महिन्यांची होती, वजन सात किलो. आता ती चौदा महिन्यांची आहे, साडेदहा किलोची. गाडी आमची जुनीच, २०१४ ची छोटी हॅचबॅक, आयसोफिक्स नसलेली. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते तिथल्या लोखंडी कड्या, ज्यात कार सीट थेट अडकते. आमच्याकडे गाडीचा सीट बेल्ट हाच आधार. सीट जन्मापासून १८ किलोपर्यंतची, बाळाचं तोंड मागे किंवा पुढे, दोन्ही प्रकारे बसवता येणारी. जुळे सोलापुरातून रोज गावात जाणं, महिन्यातून एकदा अक्कलकोट, दोन-तीन महिन्यांनी पुणे, एवढा वापर झाला आहे.

आधीच सांगते, सीट चांगली आहे. पण पहिले दोन आठवडे ती आमच्या गाडीत चुकीची बसवलेली होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

घेतली त्या दुकानातल्या मुलानेच बसवून दिली. दोनदा हलवून दाखवली, 'एकदम फिट' म्हणाला. सात रस्ता चौकात वळताना ती एका बाजूला कलली आणि लेकीची मान खिडकीकडे गेली. घरी येऊन मी सीटच्या कडेचं स्टिकर पहिल्यांदा नीट पाहिलं. निळ्या खुणा बाळाचं तोंड मागे असताना, लाल खुणा तोंड पुढे असताना. त्या मुलाने बाळाचं तोंड मागे ठेवलं होतं आणि बेल्ट लाल खुणांतून ओवला होता. खरं म्हणजे कमरेचा पट्टा बाळाच्या पायांवरून दोन्ही बाजूंच्या निळ्या खाचांत जायला हवा आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून वळसा घालून यायला हवा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी हे आणि मी दोघं पार्किंगमध्ये बसलो आणि तिथे खरी अडचण कळली. पट्टा पुरेना. पाठीमागून वळसा घालायचा तर पट्टा लांब लागतो आणि जुन्या छोट्या गाड्यांत मागचा बेल्ट आखूड असू शकतो. उजवीकडे बकलचा दांडा लांब होता, त्यामुळे बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर येऊन वाकडं बसत होतं. असं बकल धक्क्यात उघडू शकतं, म्हणून ती बाजू बाद. मध्ये फक्त कमरेचा पट्टा, या सीटला तो चालत नाही. राहिली डावी बाजू. तिथे बकल नीट बसत होतं, पण लागायला चार बोटं कमी पडत होती.

मग ह्यांचं लक्ष सीट कव्हरकडे गेलं. गाडी घेतली तेव्हा हौसेने रेक्झिनचं जाड, आत फोम भरलेलं कव्हर घातलं होतं. ते मागच्या सीटवरून पूर्ण काढलं आणि पट्टा लागला, वर दोन बोटं उरला. शिवाय रेक्झिनवर सीट घसरायची तीही थांबली. तुमच्या गाडीत आयसोफिक्स असेल तर तेही बघा, अशी कव्हरं त्या कड्या झाकून टाकतात आणि गाडीत सोय असूनही कळत नाही.

डावी बाजू एका अर्थी बरीच झाली. आपल्याकडे तो दरवाजा रस्त्याच्या कडेला उघडतो, त्यामुळे बाळाला घेताना पाठीवर वाहनं नसतात.

पुढचा प्रश्न कोनाचा. आमच्या गाडीची बैठक मागे उतरती आहे. त्यामुळे तोंड मागे केलेली सीट जास्तच उभी राहायची आणि लेक झोपली की हनुवटी छातीला टेकायची. लहान बाळाचा श्वास अशाने कोंडू शकतो. मॅन्युअलमध्ये गुंडाळलेला टॉवेल वापरायची परवानगी होती (तुमच्या सीटच्या मॅन्युअलमध्ये ती आहे का ते आधी बघा). सोलापुरात टॉवेलला काय तोटा! टेरीचा जाड टॉवेल घट्ट गुंडाळला, दोरीने बांधला आणि बैठक-पाठीच्या खाचेत, म्हणजे बाळाच्या पायांखालच्या बाजूला ठेवला. ती बाजू वर आली, डोक्याची बाजू खाली झुकली. तिला मान धरता येत होती, तरी झोपेत मान पडायची ती थांबली.

बसवताना मी आता गुडघा सीटमध्ये दाबते आणि हे पट्टा ओढतात. पट्टा जातो तिथे धरून हलवलं तर सीट इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. वरच्या टोकाला हलवून उपयोग नाही, तिथे ती थोडी हलणारच. दुकानातल्या मुलाने नेमकं तिथेच हलवून दाखवलं होतं. आता दर रविवारी गाडी पुसताना मी ही तपासणी करते, आणि दर वेळी थोडं ढिलं झालेलं सापडतंच.

बाळाच्या अंगावरच्या पट्ट्यांचं म्हणाल तर ते तोंड मागे असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत घडी आली तर ढिला आहे. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जाताना स्वेटर घालून तिला बसवलं, चिमटी येत नव्हती. परत येताना गरम झालं म्हणून स्वेटर काढला, पट्टे होते तसेच ठेवले, तर माझी चारही बोटं सहज आत गेली. तेव्हापासून आधी पातळ अंगड्यावर पट्टे आवळते आणि वरून दुपटं टाकते.

घरातलं सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. पहिले तीन आठवडे लेक सीटमध्ये बसवताच रडायची आणि सासूबाई म्हणायच्या, "लेकरू रडूलालंय की गं, घे की मांडीवर. मांडीवरच वाढवली आम्ही सगळी." त्यांची माया मला कळते, त्यांचं चूक आहे असं त्यांच्या तोंडावर म्हणायला जीव होत नव्हता. एक दिवस ह्यांनी कागदावर हिशोब मांडला. गाडी ५० च्या वेगाने आहे आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं बाळ हातात धरायला साधारण १४० किलो उचलण्याइतकी ताकद लागते. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे दीड क्विंटल?" घरात ज्वारीची पोती उचललेली बाई आहे ती. मग पुन्हा मांडीचा विषय निघाला नाही, फक्त रडणं त्यांना बघवत नाही म्हणून त्या शेजारी बसून खुळखुळा वाजवतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बाल-आसनाशिवाय नेल्यास १००० रुपये दंड आहे, हेही सांगितलं होतं, पण पटलं ते पोत्यामुळेच.

आता त्रास. तोंड मागे केलेली सीट लांबीला खूप जागा खाते. डावीकडची पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागते की तिथे मी पाच फुटांची म्हणून बसते, हे बसू शकत नाहीत. सासूबाई ड्रायव्हरच्या मागे. म्हणजे पाच जणांच्या गाडीत खरं तर चौघंच, आणि बाळाची बाबागाडी घेतली की डिकी संपली.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या कापडाची सीट तव्यासारखी होते. बकलचा लोखंडी भाग मी आधी माझ्या मनगटाला लावून बघते. एकदा बघितला नाही, तिच्या मांडीवर लाल वळ उठला. गाडी उभी करताना सीटवर पांढरा टॉवेल पसरते, निघायच्या आधी दारं उघडून, एसी लावून पाच मिनिटं थांबते. तरी पाठीला घामोळं आलंच. कव्हर काढून धुता येतं, पण पट्टे ओवून परत बसवायला अर्धा तास जातो, म्हणून धुण्याआधी फोटो काढून ठेवा. पुण्याला जाताना टेंभुर्णी आणि भिगवणला थांबून तिला बाहेर काढतो, सलग दोन तासांवर बसवत नाही.

नऊ किलो झाल्यावर बरेच जण म्हणाले की आता तोंड पुढे करा, पाय अवघडतात. पाय ती दुमडून बसते, तिला काही वाटत नाही. या वयात डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. तोंड मागे असलं की धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो, तोंड पुढे असलं की तो मानेवर येतो. आमची सीट मागे तोंड करून १३ किलोपर्यंत चालते, तोवर आम्ही ती फिरवणार नाही.

जावेला सातवा लागलाय, तिने सीट नंतर आपल्याला मागितली आहे. देईन. सीटला कुठे धडक बसलेली नाही, सुरक्षा-मान्यतेचं नारंगी लेबल आणि मॅन्युअल दोन्ही जपून ठेवलंय. पण तिला सांगितलंय की आधी गाडी घेऊन ये, पट्टा पुरतो का ते दोघी बघू.