एका डीसी व्हॉल्व्हवर लोडर: सिलेक्टर बसवावा की दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह?

आमच्या मुरबाडकडे पूर्वी ट्रॅक्टर म्हणजे चिखलणी आणि ट्रॉली. आता पुढे लोडर लावला की शेणखत, बांधाची माती, विटा अशी भरणीची कामं उन्हाळाभर मिळतात. अडचण होते ती तेलाच्या लाइनची. मागे डीसी व्हॉल्व्ह, म्हणजे लिव्हरने तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह, एकच आणि लोडरला कामं दोन: हात उचलायचे आणि बकेट पलटी करायची. मी आधी सिलेक्टर, म्हणजे तेच तेल बटणाने दोनपैकी एका कामाकडे वळवणारा व्हॉल्व्ह, बसवला; दोन हंगामांनी तो काढून दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह घेतला. दोन्हींवर काम केलंय, त्यावरून सांगतो.

सिलेक्टर स्वस्त आणि सुटसुटीत. डीसीचे दोन होज (तेलाचे पाइप) त्यात येतात, चार बाहेर पडतात, लिव्हरच्या मुठीवर एक बटण. बटण सोडलेलं असेल तर हात उचलतात, दाबलं तर बकेट फिरते. पंपाच्या लाइनला हात लावावा लागत नाही, आणि ही गोष्ट लहान नाही. बसवायला अर्धा दिवस पुरला.

पण माझ्या लोडरला बकेट समतल ठेवणारा दांडा नाही. हात वर जाऊ लागले की बकेट आपोआप मागे, ट्रॅक्टरकडे झुकते. म्हणून उचलता उचलता तिला थोडं थोडं पुढे सोडत राहावं लागतं. सिलेक्टरवर तेल एका वेळी एकाच बाजूला जातं. म्हणजे अर्ध्यावर थांबा, बटण दाबा, बकेट सावरा, बटण सोडा, पुन्हा उचला. ट्रॉलीच्या फळीपर्यंत पोचायला हे दोनदा तरी. गडबडीत बटण राहून गेलं की बकेट सावरायच्या ऐवजी हातच खाली येतात. सुकं शेणखत असलं की मागच्या काठावरून बॉनेटवर सांडायचं, रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसायचं, आणि दुपारी इंजिन तापायचं. एका मे महिन्यात, राब भाजून झाल्यावर खाचरांत खत टाकायचं होतं, तेव्हा दिवसातून तीनदा जाळी झाडली. सिलेक्टर काढायचा हे त्याच आठवड्यात ठरलं. पावसात बटणाच्या वायरचा जोड गंजायचा तेही होतंच, पण तेवढं मी चालवून घेतलं असतं.

दोन लिव्हरच्या व्हॉल्व्हवर एका हाताने उचलणं आणि सोडणं एकदम चालतं. अर्थात पंप एकच, त्यामुळे तेल हलक्या ओझ्याकडे आधी धावतं. लिव्हर पूर्ण न ओढता बेताने धरायची सवय लागते. मला चार-पाच दिवस लागले. शिवाय मागचा डीसी मोकळा राहिला. ट्रॉली पलटी करायला होज बदलत बसावं लागत नाही, हा फायदा आधी ध्यानात आला नव्हता.

खर्च मात्र जवळजवळ दुप्पट, आणि बसवणारा जाणता हवा. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरना गिअर पंप असतो, तेल सतत फिरत राहतं. तेव्हा व्हॉल्व्ह ओपन सेंटरचाच घ्यायचा, म्हणजे लिव्हर मधे असताना तेल आरपार जाऊ देणारा. तो पंप आणि लिफ्टच्या (मागची अवजारं उचलणाऱ्या यंत्रणेच्या) मधे बसतो, म्हणून त्याला तीन लाइन लागतात: पंपाकडून येणारी, लिफ्टकडे पुढे जाणारी आणि टाकीत परतणारी. पुढची आणि परतीची वाट वेगळी करायला पॉवर बियॉन्डची स्लीव्ह लागते, बोटाच्या पेराएवढा तुकडा. माझ्या पहिल्या फिटरने ती न घालता परतीचंच भोक लिफ्टला जोडलं. लोडर चालला, पण रोटाव्हेटर उचलला की लिव्हरच्या बुडाशी तेल पाझरायचं, कारण लिफ्टचा सगळा दाब परतीच्या बाजूवर, जी तेवढ्या दाबासाठी नसतेच. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला जाऊन स्लीव्ह आणली, परतीचा तिसरा होज वेगळा टाकला, सील बदलले. तेव्हा थांबलं.

व्हॉल्व्हला स्वतःचा रिलीफ, म्हणजे दाब फार वाढला की तेल सोडून देणारा भाग, आहे ना, हेही पाहून घ्या. ट्रॅक्टरचा रिलीफ लिफ्टच्या बाजूला असला तर लिव्हर ओढल्यावर तो वाटेतून बाजूला पडतो आणि पंपाला राखणारं कुणी उरत नाही. रिलीफचा दाब गेज लावूनच ठरवा, आणि कुठलाही होज सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर हलवून घ्या.

पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) वेगळा पंप आणि वेगळी टाकी हाही मार्ग आहे, पण एका लोडरसाठी मला तो जड वाटला.

रोज भरणी करायची असेल तर मी दोन लिव्हरकडेच झुकेन. कधीमधी बांधाची माती सरकवणाऱ्याने एवढा खर्च करावा असं मात्र म्हणवत नाही. माझा काढलेला सिलेक्टर आज पुतण्याच्या ट्रॅक्टरवर आहे. त्याच्याकडे पलटी नांगर आणि पलटी ट्रॉली, दोन्ही एकाच वेळी कधीच लागत नाहीत, आणि त्याची काही तक्रार नाही.