कोकणात एकच रायफल ठेवायची तर: .३१५ बोअरचा उन्हाळा-पावसाळ्यातला अनुभव

आडबाजूच्या वाडीवर, रानडुकरांच्या वाटेवर ज्याचं भात आणि नाचणी उभी असते, तो शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एकच हत्यार घेऊ शकत असेल तर काय घ्यावं? .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) स्पोर्टिंग रायफल उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरल्यावर मत असं झालं आहे: इथे निवड ताकदीवर करू नका. गंज, काडतुसं आणि सुटलेली गोळी कुठे थांबणार, या तीन गोष्टींवर करा.

ताकदीची कमतरता नाही. २४४ ग्रेनची (सुमारे सोळा ग्रॅमची) मऊ टोकाची गोळी मोठ्या डुकराला पुरून उरते, काडतुसं देशातच बनतात आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागचं तोंड बंद करणारा दांडा) साधा असल्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. अडतं ते मॅगझिन भरताना. काडतुसाला बुडाशी कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली नाही तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. भरताना प्रत्येक काडतूस मागे दाबून बसवा, पण वरच्याची कड खालच्याच्या पुढेच राहू द्या. अंधारात हे हाताला आपोआप जमलं पाहिजे.

गोळीचं थांबणं हा खरा प्रश्न. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरच्या हिशेबात पुढे जाते, आणि आपल्याकडे आगराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, पलीकडे लगेच दुसऱ्याचं घर असतं. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तर आणखी वाईट, कारण जांभ्यावर आपटलेली गोळी उसळून भलत्याच दिशेला जाते. माळ्यावरून खाली, मऊ मातीच्या बांधाकडे किंवा चढाकडे नेम असेल तरच चाप ओढावा. तशी जागा नसेल तर १२ बोअरची छऱ्यांची एकनळी बंदूकच घ्यावी, हे मी निःसंकोच सांगेन. माकडं हाकलण्यासाठी रायफल तर अजिबात नको, आवाजाचे फटाके पुरतात.

माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) पन्नास मीटरला जुळवून घ्या, परवानाधारक रेंजवर. आगरातलं अंतर त्याहून जास्त नसतंच. पण जून-जुलैत लाकडी दस्ता ओल ओढून फुगतो, नळीवर त्याचा दाब बदलतो आणि उन्हाळ्यात जुळलेला नेम पावसात सरकतो. मे महिन्यात दस्ता उतरवून आतल्या बाजूलाही जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवलं तर हे बरंच कमी होतं. बाहेरून कितीही चकचकीत पॉलिश केलं तरी आतलं लाकूड उघडं राहिलं की उपयोग नाही.

गंज मात्र रोजचा शत्रू. नळीला खोबरेल तेल लावायची सवय सोडा: थंडीत ते गोठतं, मग चिकट होतं, आणि बोल्ट जड चालतो. बंदुकीचं खनिज तेल वापरा, पातळ थर द्या. जुन्या साठ्यातली काडतुसं वापरली असतील तर त्यांच्या टोपीतून (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागातून) नळीत क्षार राहतात. तेलाने ते निघत नाहीत, गरम पाणी ओतून, कोरडी चिंधी फिरवून मगच तेल. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवीत रायफल ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. कपाट जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून नको. ओल शोषणारं सिलिका जेल कपाटात ठेवलं असेल तर ते रंग बदलताच पुन्हा तापवून घ्या.

एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात: कुंभारमाशी. उघड्या नळीच्या तोंडात ती मातीचं घर बांधते. तशीच गोळी सुटली तर नळी फाटू शकते. प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, बोल्ट काढून नळीतून उजेड पाहा. पुराच्या गढूळ पाण्यात भिजलेल्या रायफलला हेच लागू. चिपळूणच्या २०२१ च्या जुलैसारखं पाणी चढू शकतं अशा ठिकाणी ती माडीवर ठेवा. भिजलीच तर गोड्या पाण्याने धुऊन, दस्ता सोडवून, वाळवून, तेल देऊन मग तज्ज्ञाकडून तपासून घ्या. भिजलेली काडतुसं वापरू नका.

आणीबाणीच्या भरवशाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरमध्ये झाली, म्हणजे ऐन भात कापणीच्या मागेपुढे. जमा करण्यापूर्वी नळीत ग्रीस भरा, पावतीवर क्रमांक तपासा, परत आल्यावर ग्रीस पूर्ण काढा. आणि जून २०२० च्या निसर्ग वादळासारखं संकट आलं तर पहिल्या आठवड्यात कोयता, करवत, टॉर्च आणि पिण्याचं पाणी लागतं, रायफल नव्हे.

रानडुक्कर मारायला बंदुकीचा परवाना पुरत नाही, वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आहे, नूतनीकरणाची तारीख कपाटाच्या दारावर लिहून ठेवा.

चढ आणि मऊ बांध असलेली जागा, महिन्यातून दोनदा तेलपाण्याला बसायची तयारी, आणि रेंजवर सराव करायची सोय: हे तिन्ही असेल तर .३१५ जरूर घ्या. यातलं एक जरी कमी असेल तर १२ बोअर.