वॉरहॅमर ४०के, दहावी एडिशनचे फुकटातले कोअर रूल्स: वाद मिटतात का?

वॉरहॅमर ४०के म्हणजे टेबलावर छोट्या बाहुल्यांची फौज मांडून, टेपने मोजत आणि डाइस टाकत खेळायचा युद्धखेळ, आणि एडिशन म्हणजे त्याच्या नियमांची आवृत्ती. आधीच सांगतो, मी काही टूर्नामेंटवाला नाही. नॉटिंगहॅमच्या जवळ राहतो, हो, जिथे हा गेम बनतो तेच नॉटिंगहॅम. महिन्यातून दोन शनिवार दोन हजार पॉइंटचा (प्रत्येकाची फौज तेवढ्या मापाची) गेम असतो, समोर माझा कोल्हापूरचा मित्र, आणि तीन तासांच्या गेममधला पाऊण तास आम्ही एकमेकांशी वाद घालण्यात घालवतो. तर हा रिव्ह्यू मिनींचा, म्हणजे त्या बाहुल्यांचा नाही, पेंटचाही नाही, फक्त एवढाच की जून २०२३ मध्ये आलेल्या एडिशनची ती साठेक पानांची फुकट पीडीएफ आणि सोबतचं रूल्स कॉमेंटरी (नियमांचा खुलासा) हे वाद मिटवायला कितपत कामाला येतात.

चांगलं आधी. शब्द पक्के केलेत. अंतर बेसपासून (मॉडेलच्या पायाखालची चकती) बेसपर्यंत, भाल्याच्या टोकापासून नाही. एंगेजमेंट रेंज (हातघाईचं अंतर) म्हणजे आडवा १ इंच आणि उभा ५ इंच, संपलं. आणि एक नियम तर मला फार आवडतो, सिक्वेन्सिंगचा: दोन गोष्टी एकाच वेळी घडायच्या असतील तर ज्याची टर्न चालू आहे तो ठरवणार आधी कुठली, आणि राउंडच्या सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर दोघांनी डाइस टाकायचा. या एका परिच्छेदाने आमची निम्मी भांडणं बंद झाली, खोटं नाही सांगत. कॉमेंटरी एबीसीडीप्रमाणे लावलंय त्यामुळे फोनवर शब्द शोधला की उत्तर पुढ्यात, पान उलटत बसायला नको.

आता खरी गंमत. 'विदिन' आणि 'होली विदिन', म्हणजे आपल्या भाषेत आत आणि पूर्ण आत. बेसचा एक कोपरा जरी लागला तरी आत, पण पूर्ण आत म्हणजे बेसचा कणभरसुद्धा बाहेर नको. लहानपणी कॅरम खेळताना स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलाय की नाही यावरून जे व्हायचं ना, डिट्टो तेच, फक्त इथे बोर्ड ६० बाय ४४ इंचाचा.

पडक्या इमारतीचा नियम असा की अलीकडून पलीकडचं दिसत नाही (विमानं सोडून), बाहेरच्याला आत बघता येतं, पण आतल्याला बाहेर बघायचं तर तो पूर्ण आत हवा. मी माझा रिडेम्प्टर ड्रेडनॉट, म्हणजे दोन पायांवर चालणारं लढाऊ यंत्र, बशीएवढा बेस त्याचा, इमारतीत नेऊन ठेवला, झकास दिसत होता, शूटिंगला हात घातला तर पार्टनर, तोच कोल्हापूरचा मित्र, टेबलाच्या पलीकडून वाकून म्हणतो, "आरं थांब, मागनं बाहेर हाय की तुझं."

मी म्हटलं कुठे बाहेर? त्याने टेप लावली. तांदळाच्या दाण्याएवढा बेस मागच्या कडेच्या बाहेर. म्हणजे नियमाने झालं असं की त्याचा एक्झोक्राइन, तो मोठ्या तोफेचा किडा, खिडकीतून माझ्या ड्रेडनॉटला बघू शकतो आणि उडवू शकतो, पण माझ्या ड्रेडनॉटला तो दिसत नाही, कारण पाठ बाहेर राहिली! पाठ उघडी म्हणून डोळे बंद. मी पीडीएफ काढली, कॉमेंटरी काढलं, क्लबातल्या दोघांना बोलावलं. सगळीकडे एकच उत्तर, पार्टनर बरोबर.

पण माझं म्हणणं ते नव्हतंच ना राव. माझी अजून दोन इंच मूव्ह शिल्लक होती, मला आतच ठेवायचा होता, हात हलला असेल. तो म्हणतो ठेवला तो ठेवला, मूव्हमेंट फेज (मॉडेल हलवायचा टप्पा) संपली. आणि इथे ती साठ पानं गप्प. नियम काय आहे ते पुस्तक सांगतं, तुझ्या मनात काय होतं ते कसं सांगणार? आमची उरलेली निम्मी भांडणं सगळी या जातीची आहेत, नियमावरून कमी आणि दाण्याएवढ्या अंतरावरून जास्त.

२०१७ च्या आठव्या एडिशनमध्ये यावर सरळ सांगितलं होतं की आपसात बोला, दोघांना पटेल ते करा, नाहीच जमलं तर डाइस टाका आणि ज्याचा आकडा मोठा त्याने ठरवावं. आम्ही शेवटी तेच केलं. त्याचे चार, माझा एक. (माझा नेहमी एकच येतो, तो वेगळा रिव्ह्यू होईल.) ड्रेडनॉट पुढच्याच टर्नला गेला. फार जुनी गोष्ट आहे ही, १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने असा टेबलावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांसाठी घेतला तेव्हा मध्ये चक्क पंच बसवलेला असायचा आणि तो म्हणेल ते फायनल. आमच्याकडे पंच म्हणून बसायला कोण तयार होणार, चहा पाजला तरी नाही.

मग आता आम्ही काय करतो, तर मॉडेल ठेवताना तोंडाने बोलायचं. "हा पूर्ण आत ठेवतोय, इथून तुझा एक्झोक्राइन दिसतोय, बरोबर?" समोरच्याने हो म्हटलं की विषय संपला, नंतर टेप काढायची नाही. आधी मोजायची मुभा २०१२ च्या सहाव्या एडिशनपासून आहेच, त्याआधी नुसत्या अंदाजाने बंदूक चालवायची, तेव्हाच्या लोकांनी मैत्र्या कशा टिकवल्या देव जाणे. ही बोलून खेळायची पद्धत क्लबातल्या जुन्या लोकांनी शिकवली, नवख्या माणसाला पीडीएफ वाचून ती कळणार नाही, म्हणून एक स्टार कापतोय. आणखी अर्धा कापतोय कारण ही एडिशनची गाडी २०१४, २०१७, २०२०, २०२३ अशी दर तीन वर्षांनी येते आणि पाठ झालेलं सगळं पुसून टाकावं लागतं, त्यामुळे छापील जाड पुस्तकाच्या वाटेला जाऊ नका, फुकटातलं घ्या, फोनमध्ये ठेवा, रुइन्सचं (पडक्या इमारतींचं) पान तेवढं प्रिंट मारून डाइसच्या डब्यात टाका.

पाचपैकी साडेतीन. ड्रेडनॉटच्या बेसला मागच्या बाजूला मी लाल ठिपका लावलाय, आणि पार्टनर अजूनही प्रत्येक वेळी वाकून बघतोच, "मागनं आत हाय न्हवं?"