हळदीकुंकवात आलेल्या रोपांच्या किटनं माझे १३,५५० रुपये नेले

१३,५५० रुपये. त्यातले १०,००० बचत गटातून महिना दोन टक्क्यांनी उचललेले, म्हणजे महिन्याला २०० रुपये नुसतं व्याज. आकडा आधीच लिहून टाकते, कारण आमच्या गावातल्या, ह्याच किटात फसलेल्या बाकी सहा जणी आपापला आकडा घरातही पूर्ण सांगत नाहीत. मीही सव्वा महिना सांगितला नव्हता. परवा नणंदेचा फोन आला. त्यांच्या गावात आळंबीच्या किटची बैठक आहे म्हणे, नोंदणी १,५०० रुपये. माझ्या नोंदणीचाही तोच आकडा होता. तो कानावर पडला आणि लिहायला बसले.

वर्धा नदीकाठचं आमचं गाव. तीन एकर शेत, कपाशी नि तूर. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला गटातली एक ओळखीची बाई दोन पाहुण्यांना घेऊन आली. एक मॅडम, एक सर. वाण म्हणून प्रत्येकीला पालकाच्या बियांची पुडी दिली. मग योजना सांगितली: घरी ट्रेमध्ये मिरची, वांगी, टमाट्याची रोपं तयार करा, पस्तीस दिवसांनी आमची गाडी येऊन रोपामागं २ रुपये देऊन घेऊन जाईल. अशा योजना कशा चालतात, आधी पैसे घ्यायचे आणि मग पसार व्हायचं, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण ज्या घरी आपण वर्षानुवर्षं हळदीकुंकवाला जातो, तिथं बसलेल्या माणसावर संशय घ्यायचा कसा? उन्हाळी भाजीची रोपं टाकायचा तोच हंगाम होता, कापूस वेचून संपत आला होता, हाताला काम नव्हतं. मी हावरट नव्हते. मुलीच्या वसतिगृहाचे पैसे जूनमध्ये भरायचे होते.

नोंदणी १,५०० फोनवरून पाठवली. २४ जानेवारीला किट आलं, त्याचे ९,८०० रोख. रोख कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "ताई, गाडीवाल्याला डिझेल टाकायचं आहे." किटमध्ये ९८ कप्प्यांचे ४० ट्रे, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, एकच वीट आणि बियाण्याची तीन पाकिटं. नंतर बाजारात विचारलं तर हे सगळं मिळून दोन हजारांच्या वर जात नव्हतं. हिरवी जाळी आणि बांबू मी वेगळे १,६४० रुपयांचे घेतले, ते वरच्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

आता ती गोष्ट, जी रोज रात्री डोळ्यांपुढं येते. मिरचीचं पाकीट मी वरून फाडलं. चकचकीत पाकीट, त्यावर हिरव्या पानाचं चित्र आणि चिकटवलेली चिठ्ठी. लॉट नंबर नाही, उगवणशक्तीचा टक्का नाही, चाचणीची तारीख नाही, वापरायची मुदत नाही. दर जूनमध्ये कपाशीचं पाकीट आणतो तेव्हा टॅग आणि लॉट नंबर शाबूत राहावा म्हणून ते खालून कापायचं, हे मीच घरात सगळ्यांना सांगते. बिल डब्यात ठेवते, मूठभर बी पाकिटात राहू देते. ती मी, आणि त्या दिवशी माझ्या हाताला काही जाणवलं नाही. बी वाटीतल्या पाण्यात टाकलं तर पाणी गुलाबी झालं. औषध लावलेलं असेल म्हटलं, चांगल्या बियाण्यालाही रंग असतोच. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, "पोरी, ह्या बियाले ठसका काहून लागते? हे त मसाल्याच्या मिरचीतलं बी दिसते." मी म्हटलं, "आई, हे कंपनीचं आहे, तुम्हाला नाही कळणार त्यातलं." त्या गप्प बसल्या. हे वाक्य मी त्यांना बोलले, याचं दुःख पैशाहून जास्त आहे.

आणि दुसरं. रस्त्यावरच्या रोपवाटिकेत मिरचीचं रोप सव्वा रुपयाला मिळत होतं. जाता-येता पाटी दिसायची. मग माझ्याकडून २ रुपयांना घेऊन ते कुणाला विकणार होते? इतका साधा हिशेब मी केला नाही. ३,९२० कप्पे, दोन रुपयांनी ७,८४० रुपये, एवढाच गुणाकार मी तीनदा केला.

२६ जानेवारीला झेंडावंदनाहून येऊन रोपं टाकली. मिरचीचे वीस ट्रे, वांगी दहा, टमाटे दहा. कोकोपीट पुरलं नाही म्हणून चाळलेलं शेणखत मिसळलं. ट्रे एकावर एक रचून काळं प्लास्टिक झाकलं, कोंब दिसायला लागल्यावर मोकळे केले. अठराव्या दिवशी वही घेऊन मोजलं. टमाटे ९८० पैकी ७०२. वांगी ९८० पैकी ३८८. मिरची १,९६० पैकी २११. फोन केला तर सर म्हणाले, "ताई, थंडी आहे, मिरचीला वेळ लागतो." हे खोटंही नव्हतं. मिरची एरवी आठ-दहा दिवसांत वर येते, रात्री गार असल्या की आणखी चार-पाच दिवस घेते. म्हणून मी विश्वास ठेवला.

माझंच पाणी चुकलं असेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते: त्याच जाळीखाली, त्याच झारीनं पाणी देऊन सासूबाईंनी एका घमेल्यात घरच्या वांग्याचं बी टाकलं होतं, मोजून शंभर. त्यातलं ८४ उगवलं. बियाण्याच्या प्रमाणकात वांगी-टमाट्याला किमान ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के उगवण लागते. माझी मिरची ११ टक्के सुद्धा भरत नाही. कुठलंही बी पेरण्याआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि किती मोड येतात ते बघा. फुकट होतं, आठ-दहा दिवस जातात. मला ते करायला वेळ नव्हता असं नाही.

२५ फेब्रुवारीला नवीन मागणी आली: गाडी पाठवण्याआधी 'तपासणी डिपॉझिट' २,२५० रुपये, रोपांच्या पैशासोबत परत मिळतील. ज्याला माल विकायचा त्यालाच आपण पैसे द्यायचे, इथं तरी थांबायला हवं होतं. पण तोवर ११,३०० गेले होते आणि उरलेली रोपं ट्रेमध्ये उंच व्हायला लागली होती. भरले. गाडी २ मार्चला यायची होती. ३ मार्चपासून दोन्ही फोन बंद.

यानंतर जे झालं त्याचा संताप मला चोरांपेक्षा जास्त आहे. ९ मार्चला पोलीस ठाण्यात गेले. "पैसे तुम्ही तुमच्या हातानं दिले ना बाई? मग हा दिवाणी मामला." खोटं बोलून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे मला माझ्या भाच्यानं सांगितलं, वर्दीवाल्यांनी नाही. दुसऱ्यांदा गेले तर, माणसं दुसऱ्या जिल्ह्यातली आहेत, तिकडं जा. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, कुठल्याही ठाण्यात ती घ्यावी लागते. मी हे म्हटलं तर साहेब हसले आणि चहा प्यायला गेले. दीड तास बाकावर बसवून उद्या या म्हणाले.

पंचायत समितीत कृषीवाल्यांकडं गेले. बिल दाखवा, टॅग दाखवा, नाहीतर पंचनामा कशाचा करू? अहो, परवान्याशिवाय बियाणं विकायला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानं बंदी आहे. बिल दिलं नाही हीच तर माझी तक्रार आहे! ज्यानं जास्त लबाडी केली तो बिल नाही म्हणून सुटणार आणि ज्या दुकानदारानं बिल दिलं त्याच्यावरच कारवाई होणार, असा यांचा न्याय. उरलेलं बी मी पुढ्यात ठेवलं. कुणी हात लावला नाही. एक जण म्हणाला, "ऑनलाइनच्या नादी कशाला लागता?" आमच्या गावात येऊन हळदीकुंकवात बसलेल्या माणसाला हा ऑनलाइन म्हणतो. एसटीच्या अर्ध्या तिकिटातही चार चकरांचे ३२० रुपये गेले.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला तो १४ मार्चला. त्यांनी निदान नीट ऐकून घेतलं, पण ३,७५० रुपयांचीच नोंद झाली, कारण ९,८०० रोख होते. आणि उशीर झाला होता, त्या खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला १९३० लावा. मी गाडीची वाट बघत बसले. रोख कुणाला देऊच नका, आणि दिले तर देतानाचा फोटो काढा, समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

टमाट्याची चारशेक रोपं बांधावर लावली, थोडी शेजारी वाटली. मिरचीची २११ ठेवली आहेत, ती पुरावा आहेत. ठाण्यानं नोंद घेतली नाही म्हणून संपूर्ण तक्रार लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवली आहे. कायद्यात तशी सोय आहे, पावती माझ्याकडं आहे. सात जणींच्या सह्या हव्या होत्या, तीनच मिळाल्या. हिरव्या पानाचं चित्र असलेलं पाकीट आणि २ रुपये भावाची बोली तुमच्या गावात आली असेल तर उरलेलं बी फेकू नका. काचेच्या बाटलीत घालून, तारीख लिहून ठेवा, आणि माझ्याशी बोला. चौथी सही मला हवी आहे.