जुना श्रेड, नवा केस की ग्रेट ईस्टर्न? अमेरिकन घडीचा चाकू घेण्याआधी

अमेरिकेत आल्यावर बागकामासाठी खिशात मावणारा साधा घडीचा चाकू हवा होता. श्रेड कंपनीच्या 'ओल्ड टाइमर' चाकूंचं नाव ऐकलेलं, किंमतही कमी, म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'जुना' म्हणून मागवला. फोटोत पात्याचा मूळाकडचा भाग दिसतच नव्हता. चाकू हातात आल्यावर भिंग लावलं, तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'चायना'.

चूक माझीच. न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिल गावचा इम्पीरियल श्रेड कारखाना जुलै २००४ मध्ये बंद पडला, नाव मात्र विकलं गेलं. कॅमिलस या दुसऱ्या चाकू कंपनीचंही २००७ मध्ये तेच झालं. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलची क्वीन कंपनी २०१८ पर्यंत तग धरून होती. असा चाकू बनवायला लागतात माणसांचे हात. पातं आणि स्प्रिंग एकमेकांना नीट बसेपर्यंत घासत राहावं लागतं, आणि त्या मजुरीपुढे आयात माल स्वस्तच पडणार. गिऱ्हाईकही बदललं. १९८१ मध्ये स्पायडरकोने खिशाला अडकणारी क्लिप आणि एका हाताने उघडणारं पातं आणलं, तेव्हापासून आजोबांच्या खिशातला तीन पात्यांचा स्टॉकमन जुनाट वाटू लागला. २००१ नंतर विमानतळांवर चाकू काढून घेऊ लागले, ते वेगळंच.

जुना श्रेड घ्यायचाच असेल, तर पात्याच्या मुळाशी 'श्रेड' आणि 'यू.एस.ए.' असं दोन्ही दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. पातं अर्धं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा. बंद केल्यावर खटकन आवाज आला पाहिजे. मऊ, सैल मिटलं तर स्प्रिंग थकलेली आहे. पातं घासून घासून अरुंद झालेलं असेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. जुन्या ओल्ड टाइमरची पाती बहुतेक कार्बन पोलादाची असतात: धार झटपट लागते, पण ओलं ठेवलं की गंजतात. लोखंडी विळीवर कैरी चिरली की ती काळी पडते ना, तसंच. तो काळेपणा घासून काढू नका, लाल गंज तेवढा काढा.

नव्यात मी डोळे झाकून 'केस' कंपनीचा चाकू सुचवेन. १८८९ पासूनचं नाव, कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डचा; १९९३ पासून झिप्पो लायटरवाल्यांच्या मालकीचा. त्यांचा पिवळ्या मुठीचा, 'सीव्ही' (क्रोम-व्हॅनेडियम) कार्बन पोलादाचा, दोन पात्यांचा ट्रॅपर किंवा स्टॉकमन घ्या. पिवळी मूठ गवतात पडली तरी सापडते. फळं, लिंबू असं ओलं कापायचं असेल, तर त्यांचंच 'ट्रू-शार्प' स्टेनलेस बरं. हाडाच्या नक्षीदार मुठी देखण्या असतात, पण त्यांचे पैसे डोळ्यांच्या सुखासाठी जातात. फिनिशिंग सगळ्या नगांचं सारखं नसतं, म्हणून दुकानात दोन-तीन उघडून बघावेत.

ग्रेट ईस्टर्न ही चाकू कंपनी २००६ मध्ये टायटसव्हिललाच सुरू झाली, म्हणजे इतर गाशा गुंडाळत असताना. कारागिरी केसपेक्षा सरस, १०९५ कार्बन पोलाद. पण माल थोडा निघतो, डीलरकडे येताच संपतो, मग चढ्या भावाने फिरतो. स्प्रिंगही कधी इतकी कडक असते की नख दुखतं. पहिला चाकू म्हणून नको; हरवला तर जीव हळहळेल.

बक कंपनीचा '११०' हा चाकू वेगळ्या जातीचा आहे. १९६४ पासूनचा, पातं उघडल्यावर लॉक होतं, हातात भरभक्कम. पितळेमुळे वजन जवळपास दोनशे ग्रॅम, त्यामुळे खिशात नाही, कमरेच्या म्यानात शोभतो. कष्टाच्या कामाला उत्तम, सफरचंद सोलायला अगडबंब.

आणि चिनी? रफ रायडर या ब्रँडचे चाकू तर स्वतःच्या नावाने, कमी किमतीत विकतात. त्यात लपवाछपवी नाही. चिखलात, बोटीवर वापरायला बिनधास्त घ्या. जुन्या अमेरिकन नावासाठी जास्तीचे पैसे मात्र मोजू नका.

गावी कोणाला भेट न्यायची असेल, तर चेक-इन बॅगेत टाका. हँडबॅगेत राहिला, तर सिक्युरिटीवाल्यांना भेट.